अम्मीनं वाचलेली पहिली पाटी

दिवस पहिला : गाव ते मुंबई

निघायच्या आदल्या रात्री आमच्या दारात चपलांना जागा उरली नव्हती. उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, निघालेल्या माणसाला भेटायचं आणि 'आमच्यासाठी दुआ करा' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. गल्लीत ती फक्त मुसलमानांनी पाळायची असं काही नाही. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कडेगावच्या अलीकडं. कडेगावचे मोहरमचे उंच ताबूत ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथं खांदा देताना कुणी कुणाची जात विचारत नाही.

अम्मी म्हणाली, "माज्या ध्यानात ऱ्हायाचं न्हाय. तू लिवून घे." मी शाळेतली अर्धी कोरी राहिलेली दोनशे पानी वही काढली आणि लिहायला बसले. काकूंच्या सुनेला तीन वर्षं मूल नाही. रिक्षावाल्या भाऊंच्या पोराची भरती दोनदा हुकली, आता वयाची शेवटची संधी. तिसरीतला एक मुलगा आईचा पदर धरून आला आणि माझ्या कानात म्हणाला, "बाई, पप्पांची दारू सुटू दे म्हणा." पलीकडच्या आळीतले एक मामा उशिरा आले. ते उंबऱ्यातच उभे राहिले. "भाभी, बाग फुलोऱ्यात हाय. ह्या आठवड्यात पाऊस नको, एवढंच सांगा." ज्यांना द्राक्षबाग माहीत आहे, त्यांना कळेल की नोव्हेंबरातला अवकाळी पाऊस म्हणजे वर्षभराच्या कर्जाला लागलेली आग. रात्री अकरापर्यंत त्रेसष्ट नावं झाली.

पैसे अम्मीचे. म्हशीच्या दुधाच्या पैशातून सहा वर्षं तिनं भिशी भरली. आम्हा दोघा भावंडांनी वर थोडी भर घातली, पण तिकीट तिच्या जिवावर निघालं हे ती सगळ्यांना ठामपणे सांगते, आणि खरंच आहे ते. अब्बा जाऊन नऊ वर्षं झाली. ते गावचे मुलाणी. 'हज राहिला' हे त्यांचं शेवटच्या आजारपणातलं वाक्य. हज आमच्या ऐपतीबाहेरचा, म्हणून निदान उमरा.

अम्मीबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती शाळेत कधी गेली नाही. मराठी वाचता येत नाही; एसटी कुठं जाते हे तिला विचारूनच चढावं लागतं. पण लहानपणी गावच्या मशिदीतल्या बांगीसाहेबांनी आठ-दहा मुलींना ओसरीवर बसवून कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, शिकवला होता. त्यामुळं कुरआनचे तीसही सिपारे, म्हणजे भाग, ती बोट ठेवून वाचते. अर्थ कळत नाही, अक्षर मात्र चुकत नाही. माझं उलटं. मी गेली एकवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला बाराखडी शिकवते. अरबी मला अडखळत येतं, उर्दू वाचता येत नाही, आणि कुरआनचा अर्थ मी शोधला तो मराठी तरजुम्यातून. नमाज अरबीत, बयान, म्हणजे प्रवचन, उर्दूत, आणि मनातलं सगळं मराठीत. असं जगताना आपल्या दुआला काही कमी पडतं की काय, ही शंका मला लहानपणापासून होती. मोठ्यांना विचारायचा धीर झाला नाही.

मिरजेहून गटाची बस निघाली. कराड, सातारा, पुणे सगळं अंधारात गेलं. अम्मीच्या मांडीवर वही होती.

दिवस दुसरा : मक्का

मुंबईत विमानतळावरच पुरुषांनी एहराम बांधला. दोन पांढऱ्या चादरी, शिवण नाही. दादाला मी कायम पॅन्ट-शर्टात, मोटारसायकलवर पाहिलेलं. त्या दोन चादरींत तो एकदम अब्बांसारखा दिसला. मी दुसरीकडं पाहिलं. बायकांना एहरामसाठी वेगळे कपडे नसतात. अंगभर साधा पोशाख, चेहरा उघडा. अम्मी तिच्या सुती साडीवरच बुरखा घालून निघाली. बिनवासाचा साबण, बिनवासाचं व्हॅसलिन, नखं आधीच कापलेली. एहरामात सुगंध चालत नाही, नख-केस काढायचे नाहीत.

विमानात मीकातची घोषणा झाली. मीकात म्हणजे उमऱ्याची नियत करून एहरामात शिरायची हद्द. सगळं विमान एका आवाजात म्हणायला लागलं, 'लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक'. मी हजर आहे, अल्लाह, मी हजर आहे. वर्गात हजेरी घेताना पोरं 'हजर बाई' म्हणतात. मला तेच आठवलं आणि रडू आलं. आजवर मी फक्त हजेरी घेत आले होते.

जेद्दा ते मक्का सुमारे ऐंशी किलोमीटर. हॉटेल मिसफला भागात, कबूतर चौकाच्या पुढं. आपल्याकडच्या लोकांनीच त्या चौकाला हे नाव पाडलंय. तिथं खरंच शेकडो कबुतरं असतात आणि दाणे विकणाऱ्या बायका. सामान टाकून, वुजू करून, म्हणजे नमाजआधी धुतात तसे हातपाय-तोंड धुऊन, रात्री साडेदहाला आम्ही हरमकडं, काबा जिथं आहे त्या मशिदीकडं, निघालो.

गटाच्या मौलानांनी सांगितलं होतं की नजर खाली ठेवा, मी सांगेन तेव्हाच वर बघा. काबा पहिल्यांदा नजरेस पडताना मागितलेली दुआ कबूल होते अशी आपल्या लोकांची श्रद्धा. मी पाठ केलेली अरबी दुआ मनात घोळवत होते. पायऱ्या उतरलो, थंड संगमरवर तळव्यांना लागला, "बघा" असा आवाज आला आणि मी वर पाहिलं.

फोटोत तो मी हजारदा पाहिलाय. घरच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, मुसल्ल्यावर. तरी समोर काळं, उंच, शांत उभं असलेलं ते घर बघून पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. एकही अरबी शब्द आठवेना. शेजारी अम्मी हात पसरून मोठ्यानं बोलत होती.

"आलो बग तुज्या दारात. लई उशीर झाला. ह्याच्या अब्बाला घिऊन यायचं हुतं, न्हाय जमलं. तेवढं माफ कर."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतात. ती मागच्या अंगणात उभी राहून शेजारणीशी बोलावं तसं बोलत होती. मौलाना पुढंच होते. त्यांनी ऐकलं, आणि काही न बोलता मान हलवली. मग माझ्याही तोंडून निघालं ते मराठीच.

तवाफाचे, म्हणजे काबाभोवतीचे, सात फेरे, उलट्या घड्याळाच्या दिशेनं. काबाच्या कोपऱ्यातला काळा दगड, हजरे अस्वद, त्याच्या रेषेत मशिदीच्या भिंतीवर हिरवा दिवा आहे. तिथं हात उचलून 'बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर' म्हणायचं आणि पुढचा फेरा धरायचा. गर्दीत अम्मीचे गुडघे टिकतील का याची मला धास्ती होती. दादा व्हीलचेअर बघतो म्हणाला, तिनं ऐकलं नाही. एका हातानं माझा बुरखा मुठीत धरला आणि सातही फेरे चालली. आमच्या पुढं इंडोनेशियाच्या बायकांचा ताफा होता, एकमेकींच्या पाठीवर हात ठेवून चाललेल्या. मागं एक काळासावळा उंच माणूस म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन चालत होता. कोण काय म्हणतंय ते कळत नव्हतं, कारण प्रत्येक जण आपापल्या भाषेत मागत होता. तीन-चार फेऱ्यांनंतर ते माझ्या ध्यानात आलं. अरबी दुआ कानावर येत होत्या, पण त्यांच्याखाली कितीतरी बोली वाहत होत्या. मी वही काढली नाही. पाठ होती तेवढी नावं घेतली. बागेचं मात्र पहिल्या फेऱ्यातच सांगून टाकलं.

काबाजवळच्या मकामे इब्राहीमच्या मागं दोन रकात नमाज, मग जमजमचं पाणी, मग सई. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात खेपा, सगळं मिळून तीन किलोमीटरच्या वर. इथं अम्मीला खुर्चीत बसवलं आणि दादानं ढकललं. हिरव्या दिव्यांच्या पट्ट्यात पुरुष पळतात, बायका चालतात. खरं तर पळाली होती ती बाई, इब्राहीमांची बायको हजरत हाजरा. उजाड दरी, तान्हं लेकरू, पाणी संपलेलं. ती ह्या टेकडीवरून त्या टेकडीवर धावत होती, कुणी दिसतंय का बघायला. आज अमीर-गरीब, राजे-रयत सगळे तिच्या पावलांवर पाऊल टाकतात. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरमागं घागर घेऊन पळणारी बाई मी रोज बघते. त्या पळण्याला इबादत, उपासना, म्हणता येतं, हे मला पुस्तकानं सांगितलं होतं. पायांनी सांगितलं ते त्या रात्री.

मरवावर सई संपली. केसांची बोटाच्या पेराएवढी बट कापली, आणि एहराम सुटला. पहाटेचे अडीच वाजले होते.

दिवस तिसरा

झोप, गुडघ्याला तेल, शेंगदाण्याची चटणी. खालच्या मेसमध्ये डाळ-भात मिळतो पण भाकरी नाही, म्हणून घरून आणलेल्या कडक भाकऱ्या पाण्यात भिजवून खाल्ल्या.

असरच्या, दुपारनंतरच्या नमाजच्या, बांगेला अम्मी थबकली. "एवढ्या लवकर?" तिकडं असरची वेळ आमच्या हनफी पंथाच्या हिशेबापेक्षा आधी धरतात. आमीनही तिथं नमाजला एकत्र उभी असलेली जमात मोठ्यानं म्हणते. आमच्याकडं मनातल्या मनात. लाखो गळ्यांतून ती आमीन उठली तेव्हा अम्मी दचकली, आणि पुढच्या नमाजपासून तिनंही आवाज लावला.

आणखी एक. जमातीत उभं राहून नमाज पढायची अम्मीची ही आयुष्यातली पहिली वेळ. आमच्या गावच्या मशिदीत बायकांना जागा नाही. मी हे तक्रार म्हणून बोलतेच, अनेकदा बोलले आहे. ज्या मशिदीकडं तोंड करून जगभरातल्या मशिदी उभ्या आहेत, तिथं बाईला उभं राहता येतं, आणि आमच्या पत्र्याच्या मशिदीत येत नाही. याला दीनाचं, धर्माचं, कारण आहे असं मला कुणी पटवून दिलेलं नाही.

दिवस पाचवा

काल माझी पाळी आली. तारखा मोजूनच आलो होतो, तरी आली. अशा दिवसांत नमाज नाही, तवाफ नाही, मशिदीत जाणं नाही. सकाळी खिडकीत बसून मी रडले. मग हजरत आयशांची गोष्ट आठवली. हजच्या वाटेवर त्यांनाही हेच झालं होतं, त्याही रडत बसल्या होत्या, आणि पैगंबर रसूलुल्लाहंनी त्यांना सांगितलं की हे तर अल्लाहनं आदमच्या लेकींसाठी लिहून ठेवलेलं आहे. तवाफ सोडून बाकी सगळं कर. चौदाशे वर्षांपूर्वी एका नवऱ्यानं बायकोशी हे इतक्या सहज बोलावं, याचा मला त्या खिडकीत फार आधार वाटला.

बाकी सगळं म्हणजे काय, तर मी अम्मीला हरमच्या दारापर्यंत सोडायला जायचं आणि नमाजनंतर आणायला. दादा पुरुषांच्या बाजूला असायचा, आणि अम्मीला वाट सापडत नसे.

असरच्या आधी आम्ही अशाच निघालो होतो. इब्राहीम खलील रस्त्याच्या एका बोळात अम्मी अचानक थांबली. वर बघत राहिली. दुकानावर हिरव्या रंगाची पाटी होती, पांढरी अक्षरं. तिचं उजव्या हाताचं बोट हवेत उठलं, सिपाऱ्यावर फिरवते तसं, उजवीकडून डावीकडं.

"मीम," ती म्हणाली. "खे. बे. झे."

ती पुन्हा पहिल्यापासून फिरली. कुरआनात अक्षरांवर जबर-जेर, म्हणजे स्वरखुणा, असतात, पाटीवर नव्हते, त्यामुळं तिला आवाज जुळवता येईना. "मख... मुख... मखबझ." मग तिनं नाक वर केलं. आत भट्टी पेटलेली होती आणि दारातल्या फळीवर गरम रोट्यांची चळत होती, ताटाएवढ्या, फुगून तपकिरी डाग पडलेल्या.

"रोटीचं दुकान हाय व्हय गं?"

मखबझ म्हणजे भट्टी, बेकरी. मी मोबाईलवर बघितलं तेव्हा मला कळलं. तिला आधीच कळलं होतं.

मी पाटी वाचून दाखवायची आणि तिनं ऐकायचं, हे आमचं आजवरचं नातं. दवाखान्यातली पाटी, बँकेतली पाटी, एसटीवरची पाटी. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिनं स्वतः वाचलेली ही पहिली पाटी, आणि ती परक्या देशात. पहिलीतल्या लेकराला एखादा शब्द सुटा वाचता येतो त्या क्षणी त्याचे डोळे मोठे होतात, खांदे वर जातात. एकवीस वर्षं मी ते बघते आहे. अम्मीचे खांदे तसेच वर गेले. आम्ही एक रियाल देऊन रोट्या घेतल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहून गरम-गरम खाल्ल्या.

त्यानंतर तिला थांबवणं अवघड झालं. दर दहा पावलांवर बोट वर.

मगरिबनंतर, म्हणजे संध्याकाळच्या नमाजनंतर, मी तिला आणायला गेले. ती ठरल्या जागी उभी होती, पण डोळे लाल. मला वाटलं गुडघा. हॉटेलवर येईपर्यंत काही बोलली नाही. चहा घेतला, आणि मग बोलायला लागली.

हरममध्ये जवळजवळ प्रत्येक फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजनंतर जनाज्याची, म्हणजे मयताची, नमाज होते. माईकवर पुकारा होतो, लोक सुन्नत, म्हणजे जादाची नमाज, न पढता उभे राहतात. मौलानांनी पहिल्याच रात्री हे शिकवलं होतं. चार तकबीर, म्हणजे चारदा 'अल्लाहु अकबर'; रुकू म्हणजे वाकणं नाही, सज्दा म्हणजे माथा टेकणं नाही. बायकाही पढतात.

"तुज्या अब्बाला उचलला तवा मी आतल्या खोलीत हुतो," अम्मी म्हणाली. "बायांनी मला धरून बसवलेलं. बाहीर 'कलमा-ए-शहादत' म्हणत न्हेलं, आवाज लांब-लांब गेला. नमाज कुटं झाली, कोण हुतं, मला काय म्हाईत. घरात बसून काढल्याल्या इद्दतीतनं उठलो तवा कबरीवर गवत आल्यालं."

ती जरा थांबली.

"आज पढलो. कुणाचा मुडदा म्हाईत न्हाय. बाप्या का बाई, त्ये बी म्हाईत न्हाय. दुआ पाठ न्हाय मला ती. मग म्हनलं, अल्ला, ह्याला माफ कर. आनि माज्या मान्साला बी कर, तवा ऱ्हायलं हुतं."

मी तिचे हात धरून बसले. दादा दारात आला, ऐकून तसाच परत गेला.

त्यानंतर मक्केत असेपर्यंत तिनं एकही जनाजा चुकवला नाही.

दिवस सहावा

जियारतचा, पवित्र जागा बघायचा, दिवस. मिना, अराफात, मुजदलिफा बसमधूनच दाखवलं. हजच्या दिवसांशिवाय मिनातले हजारो तंबू रिकामे असतात, पांढरे, रांगेत.

जबले नूरच्या पायथ्याला बस थांबली. वर हिराची गुहा. चढ मोठा, दादा आणि तरुण पोरं गेली. आम्ही दोघी खाली एका भिंतीच्या सावलीत बसलो. अम्मी ओठातल्या ओठात 'इक्रा बिस्मि रब्बिकल्लझी खलक' म्हणत होती. ही सूरा तिला पाठ आहे. पन्नास-साठ वर्षं म्हणत आली आहे.

"अम्मी, ह्याचा अर्थ माहीत आहे?"

"न्हाय."

मग मी सांगितला. इसवी सन ६१०. रसूलुल्लाह चाळीस वर्षांचे. एकटे वर बसायचे, विचार करायचे. एका रात्री जिब्रील या फरिश्त्यानं येऊन म्हटलं, 'इक्रा', वाच. ते म्हणाले, मला वाचता येत नाही. फरिश्त्यानं कवटाळून सोडलं, पुन्हा म्हटलं, वाच. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा मग पुढच्या ओळी उतरल्या: वाच तुझ्या रब्बच्या नावानं, ज्यानं निर्माण केलं, ज्यानं कलमनं शिकवलं, माणसाला जे ठाऊक नव्हतं ते शिकवलं.

अम्मी डोंगराकडं बघत होती. वर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती.

"त्येनला बी येत नव्हतं वाचायला?"

"नव्हतं."

"तीनदा सांगायला लागलं?"

"तीनदा."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तीच सूरा पुन्हा म्हणायला लागली, पण ह्या वेळी सावकाश, एकेका शब्दावर थांबत, जणू पायाखाली दगड आहे का चाचपून पाऊल टाकावं.

दिवस नववा

गुसल, पाकीची आंघोळ, करून मी पुन्हा हरममध्ये. हे चार-पाच दिवस लांबून मिनार बघून काढले होते, त्यामुळं आत शिरताना पाय भरभर पडत होते.

आज वही आणली होती. तवाफ करून वरच्या मजल्यावर काबा समोर दिसेल अशी जागा धरली. मी एकेक नाव वाचायचं, काय हवंय ते वाचायचं, आणि अम्मीनं 'आमीन' म्हणायचं. मराठीत, जसं लिहिलंय तसं. 'सुनेची कूस उजवू दे.' आमीन. 'शेवटच्या भरतीत छाती भरू दे.' आमीन. 'पप्पांची दारू सुटू दे.' इथं अम्मी आमीन म्हणून थांबली नाही, वर आणखी दोन वाक्यं बोलली, त्या पोराच्या आईसाठी. काकूंनी देव्हाऱ्यातल्या विठोबापुढं हात जोडून मग मला हे लिहायला सांगितलं होतं. ते मी अल्लाहसमोर वाचते आहे, यात मला काही विसंगत वाटलं नाही. माणसानं काकुळतीनं सांगितलेलं जिथं पोचवायचं तिथं पोचवलं.

शेजारी एक तुर्की बाई बसली होती. तिनं वहीत डोकावून बघितलं, देवनागरीवर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "मराठी." तिला काय कळलं कोण जाणे. तिनं पर्समधून स्वतःची चिठ्ठी काढून दाखवली, बारीक अक्षरांत भरलेली. तिचीही नावंच होती. खजूर दिला, आमच्या वहीसाठी आमीन म्हणाली, आम्ही तिच्या चिठ्ठीसाठी म्हटली.

लहानपणापासूनची माझी शंका तिथं कधी गळून पडली ते मला कळलंही नाही. नमाजची अरबी मला प्रिय आहे; सगळ्या उम्मतला, मुसलमान समाजाला, एका रांगेत उभं करते ती. पण मागणं ज्या भाषेत मनात उगवतं त्याच भाषेत ते ऐकलं जातं, याची मला आता खात्री आहे.

एक मात्र लिहून ठेवते. तिथं नमाज फार सोपी आहे. बांग झाली की रस्त्यावर हॉटेलच्या दारापर्यंत नमाजच्या रांगा लागतात, सगळा दिवसच नमाजभोवती फिरतो. मला तिथं राहून-राहून आठवली ती शाळेतली जोहर, दुपारची नमाज. मधली सुट्टी, बाहेर खिचडीचा वास, पोरांचा कालवा, आणि मी दोन कपाटांमधल्या जागेत मुसल्ला अंथरलेला. आमच्या हेडबाई त्या वेळात कुणाला आत येऊ देत नाहीत. मी कधी सांगितलं नाही, त्यांनीच सुरू केलं. ती चार मिनिटं दिवसातून कोरून काढावी लागतात. हरममध्ये एका नमाजला लाखाचं सवाब, पुण्य. तरी त्या कपाटांमधल्या नमाजवरचा माझा जीव कमी होत नाही.

दिवस अकरावा : मदीना

बसनं साधारण साडेचारशे किलोमीटर. काळे उघडे डोंगर, मधूनच बाभळीसारखी झाडं. आता वेगवान रेल्वेही आहे, २०१८ पासून, पण आमच्या गटाला बसच होती.

मदीनेत शिरताच लोकांचे आवाज खाली येतात. मस्जिदे नबवीच्या, म्हणजे पैगंबरांच्या मशिदीच्या, अंगणातल्या प्रचंड छत्र्या सकाळी उघडतात आणि संध्याकाळी मिटतात; अम्मी त्या मिटताना बघायला रोज वेळेवर जाऊन बसायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारं शोधत होतो. अम्मीचं बोट वर गेलं. "नून, सीन, अलिफ... निसा." आणि ती वळली. "अगं, सूरा निसा! त्योच शबुद. हितं का लिवलाय?"

"बायकांचं दार आहे म्हणून. निसा म्हणजे बायका."

कुरआनची चौथी सूरा. ती किती वेळा वाचून झाली असेल तिची. "बायकांच्या नावाची सूरा हाय व्हय ती?" दारात उभं राहून ती ते दोनदा म्हणाली. तिथं उभ्या असलेल्या पहारेकरी बाईनं "यल्ला, हाज्जा" म्हणून आत घालवलं, तरी ती मागं वळून पाटीकडं बघत होती.

मशिदीतल्या रियाजुल जन्ना या खास जागेची वेळ आधी अ‍ॅपवर घ्यावी लागते, बायकांची वेगळी. हिरव्या गालिच्यावर आम्हाला थोडी मिनिटं मिळाली. मी दोन रकात पढले आणि सलाम पोचवले, वहीतल्या सगळ्यांचे. त्या मिनिटांबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

जन्नतुल बकी या कबरस्तानात बायकांना आत सोडत नाहीत. दादा पहाटेच्या फज्र नमाजनंतर जाऊन आला. आम्ही बाहेरून, भिंतीपलीकडून सलाम केला. मला ते लागलं. अम्मी म्हणाली, "मक्केत पढून घेतलंय मी. आता काय न्हाय."

कुबा आणि किब्लतैन या मशिदी, उहुदचा डोंगर, सगळं एका सकाळीत झालं. उहुदला हजरत हमजांच्या कबरीजवळ वारा होता. खजूर बाजारात अजवा महाग. अर्धा किलो अजवा आणि बाकी साधा खजूर घेतला, त्रेसष्ट घरांना पुरला पाहिजे.

त्याच संध्याकाळी गावाहून निरोप आला. तासगावकडं पाऊस पडला, आमच्या बाजूला नाही. अम्मीनं लगेच सज्दा केला. तिकडं ज्यांच्या बागा भिजल्या त्यांच्यासाठी मग मगरिबनंतर दोघींनी वेगळी दुआ मागितली. त्यांची नावं वहीत नव्हती, कारण ती माणसं आमच्या दारात आली नव्हती.

दिवस पंधरावा : परत

विमानात तिनं आणखी एक पाटी वाचली. दाराच्या वर, हिरवी. 'खुरूज.' बाहेर पडायची वाट. आता विचारायचीही नाही, वाचायची आणि माझ्याकडं बघायची, बरोबर आहे का म्हणून.

मुंबईला पहाटे उतरलो. जमजमच्या डब्यांसाठी पट्ट्यापाशी थांबलो होतो; प्रत्येकी पाच लिटर. अम्मीला बसायला ट्रॉलीची कड दिली. तिनं सवयीनं वर बघितलं, आणि तिचं बोट हवेत उठून तसंच राहिलं. पाटीवर अरबी नव्हतं.

"ह्ये मराठी हाय न्हवं?"

"हो."

"काय लिवलंय?"

"सामान."

ती पुटपुटली, "सीन, अलिफ, मीम, अलिफ, नून." मग तिनं बोट डावीकडं नेलं, थांबली, उजवीकडं नेलं. "हिकडनं वाचत्यात व्हय मराठी?"

"डावीकडून, हो."

बोट सावकाश सरकलं. सा. तिथं जरा थांबलं. मग पुढचं अक्षर, गोल गाठीचं, उभ्या दांड्याचं.

"मंग ह्यो मीम," अम्मी म्हणाली.

"हो अम्मी. तो म."

पट्ट्यावर आमचा पहिला डबा आला. दादा उचलायला गेला. अम्मी अजून वरच बघत होती. "आनि त्येच्या म्होरलं?" तिनं विचारलं.